‘आता बांधकाम पुरे’ म्हणणाऱ्या उमेदवाराला काय विचारायचं?

निवडणुकीचा हंगाम आला की आपल्या टपालपेटीत जाड, चकचकीत कागदाची पत्रकं पडायला लागतात. त्यातलं एक पत्रक बे एरियात राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. एका बाजूला झाडांनी भरलेली शांत गल्ली आणि सायकल चालवणारी मुलं. दुसऱ्या बाजूला राखाडी रंगाची उंच इमारत, तिच्यावर लाल फुली. मजकूरही साधारण ठरलेला: गावाचं गावपण टिकवू, बेसुमार बांधकामाला आळा घालू, शाळा आणि रस्त्यांवरचा ताण कमी करू. खाली सिटी कौन्सिलच्या उमेदवाराचं नाव.

घरात मग चर्चा सुरू होते. स्वतःचं घर असलेल्यांना हे पटतं. भाड्याने राहणाऱ्यांना वाटतं, घरंच बांधली नाहीत तर आम्ही कधी घेणार? आणि कोणीतरी शेवटी विचारतंच, की हा माणूस निवडून आला तर खरंच बांधकाम थांबवू शकेल का? आजच्या भागात आपण त्याच प्रश्नाकडे बघू. उदाहरण घेऊ कूपर्टिनोचं. एक तर आपली बरीच मंडळी तिथे किंवा शेजारच्या सनीव्हेल, सॅन होजेमध्ये राहतात. दुसरं म्हणजे ‘बांधकाम मर्यादित करा’ या मागणीचं पुढे काय होतं, हे तिथे पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत बघायला मिळालं.

आधी एक गोष्ट मान्य करू. ही मागणी करणारे लोक वेडे नाहीत, आणि ते सगळे स्वार्थीही नाहीत. ही दरी एकेकाळी फळबागांची होती. जर्दाळू, चेरी, आलुबुखार यांच्या बागा डोळ्यांदेखत गेल्या आणि त्या जागी ऑफिसं आली, हे पाहिलेली पिढी अजून हयात आहे. पुण्यात टेकड्यांवर बांधकाम नको म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, त्यामागची भावना फार वेगळी नव्हती. आणि अशी मर्यादा कॅलिफोर्नियात एकेकाळी चक्क कायदेशीर ठरलेली आहे. इथून उत्तरेला असलेल्या पेटालुमा शहराने १९७२ मध्ये वर्षाला ५०० घरांची मर्यादा घातली. बांधकाम व्यावसायिक कोर्टात गेले. १९७५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला, आणि देशभरातल्या शहरांना एक नमुना मिळाला. आजच्या पत्रकातल्या वचनामागे ही जुनी आठवण आहे. अडचण एवढीच, की मधल्या ५० वर्षांत कायदा पार बदलला आहे.

आता कूपर्टिनो. २८० फ्रीवेला लागून, वुल्फ रोडवर, १९७६ पासून व्हॅल्को नावाचा मॉल होता. व्हॅल्को हे नाव तिथल्या जमिनींशी संबंधित कुटुंबं आणि कंपन्यांच्या आद्याक्षरांवरून आलं, म्हणजे नावातच जुन्या बागांचा पत्ता आहे. २०१५-१६ च्या सुमारास मॅसीज, सीअर्स, जेसी पेनी अशी मोठी दुकानं तिथून गेली. मॉल ओसाड पडला. पलीकडे, फ्रीवे ओलांडला की, ॲपलचं नवं वर्तुळाकार कार्यालय उभं राहत होतं. १२ हजारांहून जास्त माणसांची जागा. ती माणसं राहणार कुठे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. २०१३ मध्ये त्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा बहुतेकांना कौतुकच वाटलं होतं, तुम्हाआम्हालाही.

व्हॅल्कोची जागा घेतलेल्या सँड हिल या कंपनीने आराखडा मांडला: २० लाख चौरस फूट ऑफिस, काही दुकानं, घरं फक्त ३८९ आणि वर ३० एकरांचं हिरवं छप्पर. इथे थांबून त्या आकड्यांकडे पुन्हा बघा. एवढं ऑफिस आणि एवढीशी घरं. विरोध झाला तर नवल नव्हतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर आले. मेजर सी नागरिकांचा होता, मुख्य रस्त्यांवरच्या इमारतींची उंची आणि व्हॅल्कोचा वापर मर्यादित करणारा. मेजर डी कंपनीचा, आराखडा मंजूर करून घेण्यासाठी. मतदारांनी दोन्ही पाडले! म्हणजे लोकांना ते ऑफिसांचं जंगलही नको होतं आणि कायमचं कुलूपही नको होतं.

पुढच्याच वर्षी सॅक्रामेंटोमध्ये चित्र पालटलं. सेनेटर स्कॉट वीनर यांचं एसबी ३५ हे विधेयक २०१७ मध्ये कायदा झालं. त्याचा गाभा असा: ज्या शहराने आपल्या वाट्याची घरं बांधू दिलेली नाहीत, तिथे ठराविक प्रमाणात परवडणारी घरं असलेला आणि शहराच्याच लिखित नियमांत बसणारा प्रकल्प आला, तर शहराने तो मंजूर करायचा. जनसुनावण्यांचं गुऱ्हाळ नाही, पर्यावरण अहवालाची वर्षं नाहीत. नियमांच्या यादीवर खुणा करायच्या आणि परवाना द्यायचा.

मार्च २०१८ मध्ये कंपनीने याच कायद्याखाली नवा अर्ज टाकला. आता घरं २,४०२, त्यातली निम्मी परवडणाऱ्या दरातली, आणि तरीही १८ लाख चौरस फूट ऑफिस. सप्टेंबरमध्ये शहराने अर्ज मंजूर केला. त्याच महिन्यात कौन्सिलने वाटाघाटीतून आलेला दुसरा, पर्यायी आराखडाही मंजूर केला होता. त्यात घरं होतीच, शिवाय शहराला काही सार्वजनिक सोयीही मिळणार होत्या. बांधकामविरोधी गटाने सह्या गोळा केल्या. नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत कौन्सिलचं बहुमत त्या गटाकडे गेलं. नव्या कौन्सिलने २०१९ मध्ये पर्यायी आराखडा रद्द केला. एसबी ३५ वाला मात्र रद्द करता येईना. त्याविरुद्धचा नागरिकांचा दावा मे २०२० मध्ये कोर्टात हरला.

हिशेब मांडून बघा. ‘बांधकाम थांबवू’ म्हणून निवडून आलेल्यांना जो आराखडा थांबवता आला, तो नेमका शहराला जास्त देणारा होता. ज्यात शहराचा काहीच शब्द चालत नव्हता, तो टिकला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला भाग हाच. पुढे तो आराखडाही बदलला, घरं २,६६९ झाली, पण परवडणारी घरं १,२०१ वरून ८९० वर आली. मॉल पाडायला २०१८ मध्येच सुरुवात झाली होती. त्यानंतर कितीतरी वर्षं वुल्फ रोडवरून जाणाऱ्यांना दिसलं ते कुंपण आणि माती.

या काळातला एक किस्सा बातम्यांत गाजला. २०१९ च्या सुरुवातीला तेव्हाचे महापौर स्टीव्हन शार्फ यांनी वार्षिक भाषणात विनोद केला की कूपर्टिनोभोवती भिंत बांधू आणि खर्च सॅन होजेकडून घेऊ. सभागृहात हशा पिकला असेल, बाहेर मात्र तो फारसा कोणाला आवडला नाही. ज्या शिक्षिका, नर्सेस रोज सॅन होजेहून आणि त्याहून लांबून गाडी हाकत येतात, त्यांना तर नक्कीच नाही.

बरं, हे झालं एका जागेचं. आता उमेदवाराच्या हातात एकूण काय आहे ते पाहू.

मुंबई-पुण्याच्या मंडळींना एफएसआय म्हटलं की लगेच कळतं: प्लॉटवर किती बांधता येईल याचं माप. इथल्या झोनिंगमध्ये हे माप तर असतंच, शिवाय घर की दुकान की ऑफिस, किती मजले, किती कुटुंबं, हेही ठरलेलं असतं. पूर्वी हे पूर्णपणे शहराच्या हातात होतं. आता दर आठ वर्षांनी राज्य प्रत्येक विभागाला घरांचा आकडा देतं आणि तो शहरांमध्ये वाटला जातो. बे एरियाचा २०२३ ते २०३१ चा आकडा आहे ४,४१,१७६. त्यात कूपर्टिनोचा वाटा ४,५८८. त्याआधीच्या फेरीत तो १,०६४ होता, म्हणजे चौपटीहून जास्त. ही घरं शहराने स्वतः बांधायची नसतात. ती बांधता येतील अशा जागा दाखवायच्या आणि झोनिंग तसं करायचं. या योजनेला हाउसिंग एलिमेंट म्हणतात.

योजना वेळेत दिली नाही तर? कूपर्टिनोची मुदत ३१ जानेवारी २०२३ ला संपली. राज्याची मान्यता मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात एक जुनं कलम जागं झालं, ज्याला ‘बिल्डर्स रेमेडी’ म्हणतात. १९९० पासून कायद्यात होतं, कोणी फारसं वापरत नव्हतं. शहराची योजना मान्य नसताना, ठराविक वाटा परवडणाऱ्या घरांचा ठेवून कोणी अर्ज केला, तर झोनिंगमध्ये बसत नाही या कारणाने शहराला तो नाकारता येत नाही. अर्ज ज्या दिवशी आला त्या दिवशीची स्थिती धरली जाते. म्हणजे योजना नंतर मान्य झाली तरी आधी आलेले अर्ज उभेच राहतात. कूपर्टिनोत असे अर्ज आले, आणि बे एरियातल्या इतर श्रीमंत गावांतही. शांत गल्लीच्या टोकाला अचानक सहा मजल्यांचा आराखडा येतो, लोक संतापून कौन्सिलमध्ये येतात, आणि कौन्सिल सांगतं की आमचे हात बांधलेले आहेत. ते खरं असतं. पण हात बांधले का गेले, तर योजना रखडली म्हणून.

त्यात आणखी एक कायदा, एसबी ३३०. २०१९ साली झाला. शहरी भागातल्या शहरांना यामुळे घरबांधणीवर सरसकट स्थगिती आणता येत नाही, वर्षाला अमुकच परवाने अशी मर्यादा घालता येत नाही, आणि एका जागेवर घरांची क्षमता कमी केली तर दुसरीकडे तेवढीच वाढवावी लागते. नियमांत बसणाऱ्या प्रकल्पावर जास्तीत जास्त पाच सुनावण्या घेता येतात. हे बंधन फक्त कौन्सिलवर नाही, मतदारांच्या प्रस्तावावरही आहे. थोडक्यात, पेटालुमाने १९७२ मध्ये केलं ते आज बे एरियातलं एखादं शहर नव्याने करू शकत नाही. म्हणून कोणी उमेदवार म्हणाला की ‘निवडून आल्यावर घरांवर स्थगिती आणतो’, तर एक तर त्याला कायदा माहीत नाही, किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याला वाटतं.

मग कौन्सिलकडे काहीच उरलं नाही का? उरलं आहे, आणि ते कमी नाही. पत्रकावरच्या ‘बांधकाम’ या एका शब्दात दोन गोष्टी लपलेल्या असतात: घरं आणि ऑफिसं. वर सांगितलेली बहुतेक बंधनं घरांबाबत आहेत. ऑफिसांवर मर्यादा घालायला शहरं आजही मोकळी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत १९८६ च्या प्रॉपोझिशन एमपासून नव्या ऑफिसांवर वार्षिक मर्यादा आहे. पालो आल्टोने २०१८ मध्ये आपली ऑफिसांची मर्यादा १७ लाखांवरून साडेआठ लाख चौरस फुटांवर आणली. म्हणून तुमच्या दारात उमेदवार किंवा त्याचा कार्यकर्ता आला तर पहिला प्रश्न हा: तुम्हाला मर्यादा कशावर हवी आहे? ‘ऑफिसांवर’ असं उत्तर आलं तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. ‘सगळ्यावर’ असं आलं तर विचारा, की राज्याने दिलेला आकडा कुठल्या रस्त्यांवर बसवणार? जागा निवडणं हे अजूनही कौन्सिलचंच काम आहे. बसमार्गावर की डोंगरउतारावर, जुन्या स्ट्रिप मॉलच्या जागी की शाळेच्या भिंतीला लागून, हे तिथेच ठरतं. प्रकल्पातली किती घरं परवडणाऱ्या दरात हवीत, कुठली शुल्कं घ्यायची, फुटपाथ आणि झाडांचे लिखित नियम काय असावेत, हेही. नियम मात्र मोजता येण्याजोगे हवेत. ‘गावाच्या स्वभावाला शोभेल असं’ वगैरे मोघम वाक्यांवर आता प्रकल्प नाकारता येत नाही.

‘परवडणारं घर’ म्हटलं की आपल्यातल्या काहींच्या कपाळावर आठी पडते, ते मी पाहिलंय. हे शब्द उत्पन्नाच्या मोजपट्टीवर ठरतात. सांता क्लारा काउंटीत चौघांच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलर असेल तरी ते कमी उत्पन्नाच्या गटात मोडतं. तुमच्या मुलाची किंडरगार्टनची शिक्षिका, दवाखान्यातली नर्स, मंदिरातले गुरुजी या मोजपट्टीवर कुठे बसतात ते डोळ्यांसमोर आणा.

शाळांचं काय? पत्रकात शाळा भरून वाहत असल्याचं चित्र असतं. १५ वर्षांपूर्वी ते खरंही वाटलं असतं. पण कूपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टमधली पटसंख्या गेली कित्येक वर्षं घसरते आहे. इतकी, की २०२१ मध्ये डिस्ट्रिक्टने रेग्नार्ट आणि मेयरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद करायचा निर्णय घेतला. लहान मुलं असलेल्या कुटुंबांना तिथे घर घेणं जमत नाही, आणि ज्यांची मुलं मोठी झाली ते घर सोडत नाहीत.

ते का सोडत नाहीत याचं एक कारण प्रॉपोझिशन १३. १९७८ पासून घरपट्टीचा मूळ दर किमतीच्या एक टक्का, आणि ज्या किमतीवर ती आकारतात ती वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनीच वाढते. घर विकलं की नव्या किमतीवर सुरुवात. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन घरांत, १९८५ साली घेतलेल्याची पट्टी आणि २०२१ साली घेतलेल्याची पट्टी यात कित्येक पटींचा फरक असतो. शहरांनाही घरांपेक्षा दुकानं आणि ऑफिसं परवडतात, कारण विक्रीकर मिळतो आणि शाळा-बागांचा खर्च कमी येतो. ऑफिसं इतकी आणि घरं इतकी कमी का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

वाहतुकीचा मुद्दा मात्र मी हलक्यात काढणार नाही. कूपर्टिनोत रेल्वे नाही. स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्डवर संध्याकाळी सहा वाजता ज्याने गाडी चालवली आहे त्याला ‘आणखी अडीच हजार घरं’ म्हटल्यावर धडकी भरणारच. फक्त त्या रांगेतल्या गाड्या कुठून येतात तेही बघा. ट्रेसी आणि माउंटन हाउसहून आल्टामाँट घाट ओलांडून रोज येणाऱ्या कितीतरी आपल्या ओळखीच्या आहेत. तिकडे घर मिळालं म्हणून ते तिकडे गेले. बसचा मार्ग, सायकलची सुरक्षित वाट याबद्दल उमेदवाराचं म्हणणं काय, हे विचारायला हरकत नाही. घरं नकोत आणि बसही नको, असं म्हणणारे उमेदवार असतात.

आता आपल्या घरातली गोष्ट. आई-बाबा भारतातून येतात, सहा महिने राहतात, आणि प्रत्येक वेळी हॉलमध्ये अंथरूण पडतं. मागच्या अंगणात छोटं घर बांधावं असं अनेकांच्या मनात असतं. २०१६ पासूनच्या राज्याच्या कायद्यांनी ते सोपं केलं आहे: ८०० चौरस फुटांपर्यंतचं छोटं घर, बाजूच्या आणि मागच्या कुंपणापासून चार फूट सोडून, बहुतेक कुठल्याही निवासी प्लॉटवर बांधता येतं, आणि पूर्ण अर्जावर शहराला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. सुनावणी नाही, शेजाऱ्याची परवानगी नाही. हे घर शहराच्या त्या आठ वर्षांच्या आकड्यातही मोजलं जातं. यातली गंमत अशी, की हाही नवा ‘विकास’च. ज्या राज्य कायद्यांच्या नावाने पत्रकात बोटं मोडलेली असतात, त्याच जातीच्या कायद्याने तुमच्या आई-बाबांची खोली होते.

कौन्सिलच्या या जागा थोड्या मतांवर फिरतात. कूपर्टिनो जेमतेम ६० हजार वस्तीचं शहर, पाच सदस्य. २०१८ मध्ये बहुमत एका बाजूला गेलं, २०२२ मध्ये घरं हवीत म्हणणाऱ्यांकडे, २०२४ मध्ये पुन्हा उलट. तेव्हा नागरिक असाल तर मतपत्रिकेच्या दुसऱ्या पानावरची ही नावं रिकामी सोडू नका. नागरिक नसाल, एच-१ वर किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर मत देता येत नाही, पण बोलता येतं. कौन्सिलच्या जाहीर सभेत कोणीही बोलू शकतं, व्हिसा कोणी विचारत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. साधारणपणे तीन मिनिटं मिळतात. तिथे नेहमी निवृत्त घरमालकच जास्त दिसतात, कारण मंगळवारी संध्याकाळी त्यांना वेळ असतो. लहान मुलांच्या आई-वडिलांनी, भाडेकरूंनी जाऊन दोन मिनिटं बोललेलं म्हणूनच लक्षात राहतं.

आणि ते चकचकीत पत्रक फेकण्यापूर्वी तळाची बारीक अक्षरं वाचा. पैसे कोणी दिले ते तिथे छापावं लागतं. उमेदवाराच्या समितीला देणग्या कोणी दिल्या ते फॉर्म ४६० मध्ये असतं. तो सिटी क्लार्ककडे भरलेला असतो आणि कोणालाही बघता येतो. तिथे कधी बिल्डर सापडतात, कधी गल्लीतले शेजारी, आणि कधी दोन्ही बाजूंना तोच एक बिल्डर.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.